साडी आणू नका, हंड्यात मूठ घाला

टाकवे बुद्रुक
३ सप्टेंबर २०२५

चि. रेणुका,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला गेले की मला राग येतो, रागात मुद्दा राहून जातो आणि शेवटी तू "आत्या, जेवलीस का?" विचारून फोन ठेवतेस. म्हणून कागद. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही.

मुद्दा असा. कार्तिकात आमच्या यांचं, तुझ्या मामांचं, वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी मी कुणाची साडी घेणार नाही, टॉवेल-टोपी घेणार नाही. तुझ्या वडलांचीही नाही. हे कोंडूदादाला तू सांग. मी सांगितलं की तो मान हलवतो आणि स्वतःला करायचं तेच करतो. लेकीचं निदान ऐकून तरी घेतो.

परवा पोटमाळ्यावरची ट्रंक उघडली. मामांच्या दहाव्याला आलेल्या साड्या वर, सासूबाईंच्या दहाव्याच्या खाली. एकीचीही घडी मोडलेली नाही. खालच्या थरात एक जांभळी सापडली, पदराला आतून निळ्या पेनाची फुली. ती फुली माझीच! नणंदेच्या सासऱ्याच्या दहाव्याला नेताना दुकानदाराने बदलू नये म्हणून मी केली होती. कुठली कुठली घरं फिरून ती सासूबाईंच्या वेळी माझ्याच मांडीवर येऊन पडली होती आणि रडण्याच्या भरात मला कळलंही नाही. मी पोटमाळ्यावर एकटीच हसत बसले. मग हसू थांबलं आणि नुसता संताप आला. एवढे पैसे आम्ही सगळ्यांनी मिळून ट्रंकांत कोंडले.

गेल्या वर्षी मामांना घेऊन तळेगावला दवाखान्यात होते ते तुला माहीत आहे. पण तिथे मला बयाबाई भेटली, ते तुला सांगितलं नव्हतं. आमच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली. तिची नात तेजल, सात वर्षांची. त्या पोरीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. रक्ताला पैसे पडत नाहीत. पण वाडीवरून उतरून दवाखान्यापर्यंत यायला पडतात, आणि त्या दिवशीची मजुरीही बुडते. दोनदा पैसे नव्हते म्हणून त्यांची रक्ताची तारीख चुकली, तेव्हा पोर बाकावर बसल्या बसल्या कलंडत होती. मी स्वतः धरलं तिला. तुमच्या लोणावळ्यातल्या काही बायकांचं एक बालरुग्ण मंडळ आहे. अशा पोरांचा गाडीखर्च आणि दूध-अंडी त्या बघतात. त्यांच्याकडे कुणी मोठा दाता नाही. दहा देणारे, वीस देणारे लोक आहेत. तेव्हापासून मीही अंडी विकून येतात त्यातलं थोडं देते.

तर यंदा मांडवात तांब्याचा हंडा ठेवायचा. तोंडाला फडकं, मधे हात जाईल एवढी फट. येणाऱ्या प्रत्येकाने मूठ आत घालायची, उघडायची आणि हात बाहेर काढून पुढे व्हायचं. कुणाच्या मुठीत काय होतं, की काहीच नव्हतं, ते कुणाला कळायचं नाही. साडी परवडत नाही म्हणून जो तोंड चुकवतो, तोही ताठ मानेने जेवून जाईल. सगळं त्या मंडळाला.

बाजीराव भावजींना सांगितलं तर म्हणाले, "वयनी, भावाच्या वर्षसराद्धाला भीक मागितली म्हन्तील लोकं." मी म्हटलं, "म्हनू द्या. मागतेच हाय." तेव्हापासून बोलत नाहीत. घर शांत आहे.

दादाला सांगायला विसरू नकोस.

तुझी
शालूआत्या

*

लोणावळा
१२ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र हॉटेलच्या रिसेप्शनवर आलं. मॅनेजरला वाटलं मला कोर्टाची नोटीसच आली, कारण हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट इथे कुणी कधी बघितलेलं नाही.

जांभळ्या साडीचं वाचून मी काउंटरवर हसले आणि तेजलचं वाचून आत स्टोअरमध्ये जाऊन बसले. मंडळ मी शोधलं. चिक्कीच्या दुकानामागे दोन खोल्या आहेत. बायका चांगल्या वाटल्या. त्यांचा क्यूआर कोड आहे, मी तिथल्या तिथे पाचशे पाठवले. आत्या, तूही असंच कर ना. साडी येईल ती घे, आणि नंतर तुला हवं ते मंडळाला दे. सगळ्यांची मनंही राहतील आणि तेजलचं कामही होईल. मामांना जाऊन वर्ष होत आलंय, अशा वेळी माणूस हळवा होतो, टोकाला जातो. मला तुझी काळजी वाटते.

आबांना सांगितलं. रविवारी आंबीला घरी गेले होते, जेवताना विषय काढला. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "साडी नगं? मग काय पायजे तिला?" मी म्हटलं, "काही नको आबा, लहान मुलांच्या दवाखान्यासाठी करतेय." तर त्यांनी उठून हात धुतला. भाकरी अर्धी तशीच. आबांचा लेक शोभतो, समर्थदादानेही मागोमाग ताट सारलं. मला काही उमगलं नाही. तुला उमगलं तर कळव.

मी येईन त्या दिवशी. सुट्टी आत्तापासून मागून ठेवलीय.

तुझी
रेणुका

*

टाकवे बुद्रुक
२० सप्टेंबर २०२५

चि. रेणुका,

हळवी कोण झाली गं? माझा नवरा गेला तेव्हा मी हळवी होते, आणि तेव्हा मी मुकाट्याने सगळ्या साड्या घेतल्या. आता शुद्धीवर आलेय म्हणून नको म्हणतेय.

तू पाचशे दिलेस, चांगलं केलंस. पण तुझा तो कोड आमच्या मारुती न्हाव्याला चालवता येत नाही, बयाबाईला येत नाही आणि मलाही येत नाही. आणि तिथे नाव येतं, आकडा येतो. मला आकडा नकोय. मला गाव यायला हवंय. तू म्हणतेस साडी घे आणि गुपचूप दे. गुपचूप तर मी वर्षभर देतेच आहे. पुढच्या दहाव्याला दुसऱ्या कुणा बाईला "माझ्याही घरी साड्या नकोत" म्हणता यावं, म्हणून हे उघड करायचंय. सुरुवात कुणीतरी करायची तर शिव्याही त्यानेच खायच्या. मी खाईन. पचतात मला.

भावकीची बैठक झाली देवळात. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. बाजीराव भावजींचं म्हणणं बदललंय. आता म्हणतात, "ठेवू हंडा, पन माइकवरून नाव आन् रक्कम पुकारायची. न्हाईतर द्येनाऱ्याला हुरूप कसा यायचा?" माजी सरपंच ना! माइक दिसला की त्यांचा हात आपोआप वर जातो. मी म्हटलं, "भावजी, हुरूप यावा म्हनून न्हाई, पोरगी जगावी म्हनून." एक म्हातारा मागून म्हणाला, "बाईचं खरं हाय." बाकी सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. म्हणजे ठरलं, असं मी धरून चाललेय.

दादाने घास का ठेवला ते मला समजलं नाही. त्याचा स्वभावच तसा, मान कुठे कमी झाला असं वाटत असेल. थोरला भाऊ आहे, त्याची साडी पहिली असते. भाऊबीजेला येईलच, तेव्हा मी समजावीन. त्याला आवडतात म्हणून तांदळाच्या पिठाच्या भाकरी करीन. भाकरी बघितली की तो विरघळतो.

शालूआत्या

*

लोणावळा
६ ऑक्टोबर २०२५

आत्या,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. तूही फाडून टाक वाचून.

आबांना मानाचं काही वाटलेलं नाही. त्यांना जमिनीचं वाटलंय. आंबीच्या आपल्या रानाला गिऱ्हाईक आलंय, गोदाम बांधणारं. बोलणी पक्की होत आलीत. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे आबांच्या नावासोबत तुझंही नाव आहे, आणि गिऱ्हाईक म्हणतंय बहिणीचं हक्कसोडपत्र आणा, मगच पुढचं. गेल्या वर्षीच तुझी सही घ्यायची होती, पण मामा आजारी पडले आणि ते राहिलं. हे मला काल समर्थदादाने सांगितलं.

आणि नेमकं आत्ता तू साडी नको म्हणालीस. आबा म्हणतात, "साडी नगं म्हन्ती म्हंजी हिस्सा मागनार. भनीनं साडी परत केली की समजायचं, आता ती तलाठ्याकडं जानार. त्ये दवाखान्याचं निमित्त हाय." मी किती सांगितलं. ते म्हणतात, "तुला काय कळतंय, तू लहान हायेस." मी चौतीस वर्षांची आहे.

आत्या, त्यांचंही अगदी चुकतं असं नाही ना? आपल्यात तसंच आहे. बहिणीने जमीन सोडायची आणि भावाने जन्मभर साडी-चोळी करायची. साडी नाकारली म्हणजे तो व्यवहार मोडला, असंच त्यांना दिसणार. म्हणून माझं ऐक. या वेळेपुरती साडी घे, सही कर. सगळ्याच बहिणी करतात. मग आबा स्वतः हंड्यात पहिली मूठ घालतील, मी सांगते. नाहीतर ते वर्षश्राद्धाला येणार नाहीत, आणि माहेरचं कुणी आलं नाही तर गाव काय म्हणेल ते तुला माहीत आहे. तुझं माहेर तुटावं असं मला नाही वाटत. त्या घरात माझ्या बाजूने बोलणारी तू एकटी होतीस.

रेणुका

*

टाकवे बुद्रुक
११ ऑक्टोबर २०२५

चि. रेणुका,

पत्र फाडलं नाही. डब्यात ठेवलंय.

आधी मला काही कळेना. दोनदा वाचलं. मग जिन्यात बसून रडले, खरं सांगते. देवाशप्पथ, ती जमीन माझ्या मनातही नव्हती. बाप गेला त्यालाच वीस वर्षं झाली. सातबाऱ्यावर माझं नाव आहे हेही मी विसरले होते. दादाने येऊन नुसतं म्हटलं असतं, "शाले, सही पायजे," तर हात धुऊन पुसायचीही वाट बघितली नसती, पिठाच्या हातानेच सही केली असती. वर त्याला चहा पाजला असता.

पण त्याने विचारलं नाही. त्याने ठरवलं. आजारी पोरांचं नाव पुढे करून ही बाई जमीन काढतेय, असं माझ्या सख्ख्या भावाला वाटलं. तेजलला निमित्त म्हणाला तो. ते मला लागलं, रेणुका, आणि ते मी गिळणार नाही.

आणि आता तूच सांगितलंस तो व्यवहार नीट बघते. म्हणजे चाळीस वर्षं मी ज्या साड्या भावाची माया म्हणून नेसले, त्या रानाच्या बदल्यात होत्या होय? मग फारच महाग नेसले मी. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर रोज रेशमीच मागितली असती.

माझं उत्तर लिहून घे आणि दादाला वाचून दाखव. साडी घेणार नाही. सहीही करणार नाही. आधी केली असती, आता नाही. हंडा ठेवणार. माहेरचं कुणी आलं नाही तर मी एकटी उभी राहीन, पाय शाबूत आहेत माझे.

एक विचारते. "सगळ्याच बहिणी करतात" हे तू घाईघाईने लिहिलंयस, अक्षर वाकडं आलंय. रेणुका, तू सही केलीस का?

आत्या

*

लोणावळा
२५ ऑक्टोबर २०२५

आत्या,

हो.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आबांनी फोन केला, "येक कागद हाय, वडगावला ये." गेले. फोटो काढला, अंगठा घेतला, चार ठिकाणी सही केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. येताना सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. दिवाळीत आईने मला पैठणी आणि गळ्यातलं दिलं आणि मी जाऊ तिथे मिरवलं, माझ्या वडलांनी केलं म्हणून. तू विचारलंस त्या दिवशी ते गळ्यातलं काढून ठेवलं. तुला खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. तू सही केलीस तर आपण दोघी सारख्या होऊ आणि मला इतकं टोचणार नाही, असं कुठेतरी वाटत होतं. लाज वाटते लिहायला.

भाऊबीजेला मी आंबीला होते. तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं, सगळं, एकही शब्द न गाळता. आई मधेच आत गेली. आबा म्हणाले, "झालं? आता तिचं माह्यार बंद." त्या दिवशी तू भाकरी करून वाट बघत होतीस का गं? ते निघालेच नाहीत. मी विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवला.

वर्षश्राद्धाला मी येणार होते. पण मॅनेजरने सुट्टी रद्द केली, शाळेच्या सहलींचं बुकिंग आहे, आणि या महिन्यात मला नोकरी घालवता येणार नाही. रागावू नकोस. माझी मूठ मी मंडळात जाऊन घालीन. काय झालं ते सगळं लिही, काही गाळू नकोस.

रेणुका

*

टाकवे बुद्रुक
१७ नोव्हेंबर २०२५

चि. रेणुका,

रागावले नाही. वाट बघत होते का, तर होते. भाकरी बयाबाईकडे पाठवल्या.

आता सगळं ऐक. मांडवात हंडा ठेवला. सकाळी दहापर्यंत माणूस फिरकेना. प्रवचनकार बुवाही हंड्याकडे बघून घसा खाकरत होते. मला वाटलं, झाली फजिती. मग मारुती न्हावी आला, मूठ घातली आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. मग बायका आल्या, सगळ्या एकदम, डोक्यावर पदर घेऊन. कुणाच्या मुठीतून नाणी पडल्याचा आवाज आला, कुणाच्या नाही. बयाबाई तेजलला घेऊन आली होती. ती पोर हंड्यापाशी पाटावर बसून प्रत्येकाला सांगत होती, "मूठ आत जाऊन उघडा, बाहीर नगं." बाजीराव भावजींनी थोडा वेळ तोंड आवळून धरलं आणि मग माइक घेऊन सुरूच केलं, "आपल्या गावचे प्रगतशील शेतकरी अमकेतमके यांच्याकडून पाचशे येक..." मी उठले आणि त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. विधवा बाईने नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला माइक हातात घ्यायची ही गावातली पहिलीच वेळ असावी. म्हटलं, "नाव घ्यायचं न्हाई. ज्याला नाव पायजे त्यानं साडी घिऊन घरी जावं." मागे बायका हसल्या. भावजींनी माइक परत मागितला नाही.

आणि तेवढ्यात दादा आला.

समर्थ गाडीतच बसून राहिला. दादा एकटा चालत आला, हातात साडी, वर नारळ, काखेत कागदांची पिशवी. त्याचे केस पिकलेत गं, आधीपेक्षा जास्तच. त्याने साडी पुढे केली. म्हणाला, "शाले, घे. आन् सही कर. लोकांदेखत मिटवू."

मी म्हटलं, "साडी घेतली की सही करायची, न्हाई घेतली तर हिस्सा मागती म्हनायचं. दोन्हीकडनं तूच ठरवनार. मग माझं मी कवा ठरवायचं?"

"माह्यार तुटंल तुजं."

"माह्यार माझं हाय, दादा. त्ये तू दिल्यालं न्हाई. तितं मी जल्मले. तुला पटंना तर तू नगं बोलूस माझ्याशी, पन माह्यार माझंच ऱ्हानार."

दादाच्या मागे बाया-माणसांची रांग थांबली होती. मी म्हटलं, "आता मूठ घालायची आसंल तर घाल, न्हाईतर वाईच बाजूला हो, मानसं खोळंबल्यात." त्याने मागे वळून रांग बघितली. मग साडी काखेत मारली आणि हात हंड्यात घातला. बराच वेळ आत ठेवला. बाहेर काढला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. जेवलाही नाही. गाडीकडे जाताना तेजलच्या पाटापाशी थांबला, तिच्या दंडावरच्या सुईच्या डागांवर त्याची नजर गेली, आणि नारळ तिच्या मांडीवर ठेवून निघून गेला. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही. तो आता माझ्याशी बोलणार नाही कदाचित. ते दुखतंय, दुखत नाही असं मी म्हणणार नाही. पण सही केली असती तर याहून जास्त दुखलं असतं.

मंडळाच्या बायका संध्याकाळी येऊन हंडा रिकामा करून घेऊन गेल्या, हंडा इथेच ठेवला. किती जमलं ते मी विचारलं नाही. म्हणाल्या, तेजलसारखी अजून नऊ पोरं आहेत त्यांच्याकडे, आणि उन्हाळ्यापर्यंत कुणाची रक्ताची तारीख चुकणार नाही. मी आत जाऊन पाणी प्यायले. आणि काल शेजारच्या आळीतली बाई विचारायला आली, तिच्या सासूचं दहावं आहे परवा, हंडा द्याल का. दिला.

दुसरी गोष्ट. शुक्रवारी मी वडगावला गेले होते, एकटी, एसटीने. तहसील कचेरीत त्या विक्रीवर हरकतीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. तुझी सही रद्द करता येईल का, ते तिथल्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अवघड आहे. होणार नाही असं म्हणाल्या नाहीत. पुढच्या सोमवारी सुट्टी काढून वडगावला ये, मॅनेजरला सांग की आता खरंच कोर्टाचं काम आहे. कागद वाचून घे यावेळी, सगळा. चष्मा लागत असेल तर माझा देईन.

काल बाजीराव भावजी आठवड्याने पहिल्यांदा बोलले. ओसरीत आले, इकडचं तिकडचं केलं आणि मग म्हणाले, "वयनी, त्या आंबीच्या रानातला हिस्सा मिळाला, तर त्योबी दवाखान्यालाच द्येनार काय?"

मी म्हटलं, "भावजी, आधी माझा तर होऊ द्या."

तुझी
शालूआत्या